एसटीचं सवलत कार्ड एक्स्पायर झालंय? आधी बघा, संपलंय नेमकं काय

आर्वीहून वर्ध्याला निघालेली सकाळची एसटी. सत्तरीतले बाबाजी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं स्मार्ट कार्ड काढतात. कंडक्टर ते उलटसुलट करून बघतो आणि परत देतो. "बाबाजी, याची तारीख कवाचीच गेली. दुसरं काही आहे का? नाही तं फुल तिकीट घ्या लागते." बाबाजींचा सवाल साधा असतो. "कार्डाची तारीख गेली म्हणून माह्यं वय कमी झालं का बापू?"

थोड्याफार फरकानं हा संवाद जिल्ह्यातल्या कुठल्याही मार्गावर होऊ शकतो. बाबाजींचा सवाल विनोदी वाटला तरी सगळ्या घोळाचं उत्तर त्यातच दडलेलं आहे.

आधी पैशांचं बघू. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत रेल्वे नाही. आर्वीला एकेकाळी पुलगावहून नॅरोगेज गाडी यायची, ती बंद होऊन जमाना झाला. त्यामुळे सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या विनोबा भावे रुग्णालयात दाखवायचं असेल, तर या भागातल्या म्हाताऱ्या माणसापुढे एसटी हाच परवडणारा रस्ता उरतो. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. साध्या बसचा ६ किलोमीटरचा टप्पा ८.७० रुपयांवरून १०.०५ रुपयांवर गेला. पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा प्रवास म्हणजे नऊ टप्पे, साधारण ९० रुपये. जाऊन-येऊन १८०. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळणाऱ्या माणसासाठी अर्धं तिकीट मिळणं आणि न मिळणं यात औषधांच्या एका पाकिटाचा फरक आहे. महिन्यात दोनदा जावं लागलं तर दोन पाकिटांचा.

तीन गोष्टी, ज्या एकच वाटतात

सवलतीच्या प्रवासात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली, हक्क: वय, दिव्यांगत्व, विद्यार्थी असणं. दुसरी, त्या हक्काचा पुरावा: आधार, मतदार ओळखपत्र, यूडीआयडी, शाळेचा दाखला. तिसरी, एसटीनं दिलेलं कार्ड किंवा पास.

नूतनीकरणाचा प्रश्न सोडवायचा तर यातलं नेमकं काय संपलंय हे आधी ओळखावं लागतं. बरेच जण इथेच चुकतात. कार्ड संपलं की लोकांना वाटतं सवलत संपली. मग आगारात खेपा सुरू होतात, सेतू केंद्रात विचारणा होते, कुणीतरी एजंट गाठला जातो. ज्येष्ठांच्या बाबतीत हक्काला मुदतच नसते. एकदा ६५ पूर्ण झाले की माणूस पुन्हा ६४ चा होत नाही. विद्यार्थ्याचा हक्क मात्र दरवर्षी खरोखर संपतो, कारण तो पुढच्या वर्गात जातो किंवा शाळा सोडतो. दिव्यांगांचं मधलंच काहीतरी. तिघांसाठी उत्तर वेगळं आहे, पण बसस्टँडवरच्या चर्चेत सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: "कार्ड रिन्यू करा."

मग ज्येष्ठांच्या कार्डाला मुदत होतीच कशाला?

यामागे एक आकडा होता, ४००० किलोमीटर. ज्येष्ठ नागरिकांना अर्धं तिकीट मिळायचं, पण वर्षाला ४००० किलोमीटरपर्यंतच. वर्धा ते नागपूर रस्त्यानं साधारण ७५ किलोमीटर धरलं, तर वर्षभरात सव्वीसेक वेळा जाऊन-येऊन केलं की कोटा संपला. कागदी ओळखपत्रावर हे किलोमीटर मोजणार कोण? म्हणून २०१९ मध्ये एसटीनं स्मार्ट कार्ड आणलं. कार्ड तिकिटाच्या यंत्राला टेकवायचं, यंत्र नोंद ठेवणार. मोजणी वर्षाची, म्हणून कार्डाची मुदतही वर्षाची.

कल्पना वाईट नव्हती, वेळ वाईट निघाली. कार्डं वाटण्याचं काम सुरू असतानाच २०२० मध्ये कोरोना आला. ज्येष्ठांना घराबाहेर पडू नका असं सांगणारं सरकार त्यांनाच कार्डासाठी रांगेत कसं उभं करणार? मग मुदतवाढीवर मुदतवाढ देणं सुरू झालं. २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. बसच नाही, तर कार्ड कुणाला दाखवायचं? त्यानंतर तिकिटाची जुनी यंत्रं जाऊन अँड्रॉइड यंत्रं आली आणि जुनं कार्ड मागे पडलं. लोकांच्या पाकिटात मात्र ते राहिलं. त्यावर फोटो आहे, एसटीचं बोधचिन्ह आहे, तारीख आहे. म्हातारी माणसं असला ऐवज फेकत नाहीत.

दोन तारखांनी कार्डाची गरजच बदलली

२६ ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजना लागू झाली. वयाची ७५ वर्षं पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजना आली आणि सगळ्या महिलांना तिकिटात ५० टक्के सूट मिळू लागली.

आता या दोन तारखा एकत्र ठेवून बघा. ६५ ते ७५ वयाच्या बाईला ज्येष्ठ म्हणून जितकी सवलत मिळायची, तितकीच आता बाई म्हणून मिळते. म्हणजे आजीच्या कार्डाची मुदत संपली असेल तर ते रिन्यू करून तिला एक पैसाही जास्त वाचणार नाही. ७५ पुढच्या आजी-आजोबांना वयाचा पुरावा दाखवायचा आहे, कार्ड नाही. उरले कोण? ६५ ते ७५ मधले पुरुष. ज्येष्ठांच्या कार्डाचा इतका मोठा वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात या एका गटापुरता आहे, आणि त्यांनाही फोटो व जन्मतारीख असलेलं सरकारी ओळखपत्र पुरतं. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी काहीही चालतं. मोबाइलमधल्या डिजिलॉकर किंवा एम-आधार ॲपमधलं ओळखपत्रही चालतं. व्हॉट्सॲपवर आलेला आधारचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे, हे घरच्या तरुण मंडळींनी आजोबांना एकदा समजावून सांगावं. त्याहून बरं म्हणजे ॲप त्यांच्या फोनमध्ये टाकूनच द्यावं.

एक गैरसमज मात्र कायम आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात ६० वर्षं म्हणजे ज्येष्ठ. एसटीच्या सवलतीत ६५. त्यामुळे बासष्ट वर्षांचे काका "मी सीनियर सिटिझन आहे" म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात, आणि कंडक्टर पूर्ण तिकीट फाडतो तेव्हा तोही चुकत नसतो. पूर्वी साठीच्या पुरुषांना रेल्वेत ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या महिलांना ५० टक्के सूट होती. रेल्वेनं ती २० मार्च २०२० ला कोरोनाचं कारण देत थांबवली, ती अजून परत आलेली नाही. वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन मोठी स्टेशनं हाताशी असूनही साठ ते पासष्टच्या माणसाला आज ना रेल्वेत सूट आहे ना एसटीत. बायांना तेवढी एसटीत.

खरी गाठ आधारच्या तारखेत

कार्ड गेलं आणि सगळा भार आधारवर आला. पण त्या पिढीची आधारवरची जन्मतारीख आली कुठून?

शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे तारीख लिहायची ही पद्धत सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. म्हणून तर गावागावांत १ जून आणि १ जुलैला जन्मलेल्यांची गर्दी दिसते. जे शाळेतच गेले नाहीत त्यांनी आधार नोंदणीच्या वेळी तोंडी वय सांगितलं. अनेकांच्या जुन्या आधारवर तारीखच नाही, फक्त जन्मवर्ष छापलेलं आहे. खरं वय ६७ आणि आधारवर ६३ असा माणूस असू शकतो, आणि उलटंही असू शकतं.

आता यातली गंमत बघा, ज्याला भोगावं लागतं त्याच्यासाठी ती गंमत नाही. आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयनं स्वतःच सांगितलं आहे की आधार ही ओळख पटवण्याची सोय आहे, जन्मतारखेचा पुरावा नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेनं जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं. २४ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवण्यासाठी आधारऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख मानली. तिकडे हे सगळं झालं तरी बसमध्ये वय ठरतं ते आधारवरच. त्यात कंडक्टरचाही इलाज नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर, गच्च भरलेल्या गाडीत, त्यानं शाळेचा दाखला तपासत बसावं अशी अपेक्षा कुणी करणार नाही.

आधारवर वय कमी लागलं असेल तर दोन वाटा आहेत. पहिली सोपी. पॅन किंवा मतदार ओळखपत्रावर खरी तारीख असेल तर बसमध्ये तेच दाखवा. सवलतीसाठी आधारच पाहिजे असं नाही. दुसरी वाट म्हणजे आधारची दुरुस्ती. इथे घाई करू नका. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. त्यानंतर पुन्हा बदल हवा असेल तर यूआयडीएआयच्या प्रादेशिक कार्यालयाकडे विनंती करावी लागते, आणि ती मान्य होईलच असं नाही. शिवाय आधारची तारीख बदलली आणि बँक, निराधार योजना, रेशन यांच्या नोंदी जुन्याच राहिल्या, तर तिकिटाचे पन्नास रुपये वाचवायला जाऊन पेन्शन अडकायची. आधी सगळ्या कागदांवरची तारीख एका कागदावर लिहून काढा, मग ठरवा कोणती बदलायची.

आणि उलटा मोह? दोन-तीन वर्षांनी वय वाढवून घेण्याचा, किंवा रंगीत झेरॉक्सवर जन्मवर्ष बदलून चालवण्याचा? तो सरळ सरळ गुन्हा आहे. अशा प्रत्येक प्रकारानंतर कंडक्टर पुढच्या खऱ्या म्हाताऱ्याकडे जास्त संशयानं बघतो.

कंडक्टर इतका काटेकोर का?

कारण सवलत एसटी आपल्या खिशातून देत नाही. सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. त्यासाठी कोणत्या गटाचे किती प्रवासी, किती रुपयांची सूट, ही नोंद यंत्रात पडावी लागते. ७५ पुढच्या प्रवाशाला मोफत असूनही शून्य रुपयांचं तिकीट देतात ते याचसाठी. ते तिकीट घ्याच. "फुकट आहे, तिकीट कशाला" म्हणून न घेता बसलात आणि मध्ये तपासणी पथक चढलं, तर अडचण तुमची होते आणि कंडक्टरचीही. चुकीच्या माणसाला सवलत दिली तर जाब त्यालाच विचारला जातो. मुदत संपलेलं कार्ड बघून तो अडतो, त्यामागे दर वेळी आडमुठेपणाच असतो असं नाही.

दिव्यांगांचं नूतनीकरण मात्र खरं आहे

इथे बाबाजींचा सवाल लागू पडत नाही. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर एसटीत ७५ टक्के सूट मिळते. ६५ टक्क्यांच्या पुढे असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. पुरावा म्हणजे यूडीआयडी कार्ड. पुढे स्थितीत फरक पडू शकतो असं डॉक्टरांना वाटलं तर प्रमाणपत्र ठराविक मुदतीचं देतात. ती मुदत संपली की पुन्हा तपासणी करावी लागते आणि तोवर सवलत अडते.

म्हणून यूडीआयडीवरची वैधतेची तारीख आजच बघा. कायम लिहिलं असेल तर विषय संपला. मुदत असेल तर ती संपण्याच्या किमान चार महिने आधी स्वावलंबन पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज टाका. चार महिने अशासाठी की ऑक्टोबर २०२४ च्या नव्या नियमांनी प्रमाणपत्र देण्याचा अवधी १ महिन्यावरून ३ महिन्यांवर नेला आहे. अर्ज ऑनलाइन असला तरी तपासणी रुग्णालयातच होते. त्यामुळे जिल्हा सामान्य रुग्णालयात कोणत्या प्रकारच्या दिव्यांगत्वाची तपासणी कोणत्या वारी असते ते आधी विचारून जा. आष्टीहून व्हीलचेअर घेऊन आलेल्या माणसाला "आज डोळ्यांचा वार आहे" असं ऐकावं लागणं, ही खेप टाळता येण्यासारखी आहे.

रेल्वेत सवलतीचं तिकीट काढायचं तर रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र वेगळं लागतं. त्याचाही अर्ज आता रेल्वेच्या पोर्टलवर होतो. वर्धा जिल्हा मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतो. नागपुरात दोन वेगळ्या रेल्वेंचे विभाग आहेत, तेव्हा अर्जात विभाग निवडताना नीट बघा.

विद्यार्थ्यांचं तुलनेनं सोपं झालंय. त्यांना पासात ६६.६७ टक्के सूट आहे, म्हणजे एक तृतीयांश पैसे भरायचे. बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत. पास थेट शाळा-कॉलेजात देण्याची मोहीम एसटीनं सुरू केली. शाळेनं यादी आगाराला द्यायची, एसटीच्या माणसानं पास शाळेत आणून द्यायचा. पास अडला असेल तर आधी मुख्याध्यापकांना विचारा, यादी गेली का.

पुन्हा नवं कार्ड आलं तर?

मेट्रो, बस, पार्किंग सगळीकडे चालणारं राष्ट्रीय कॉमन मोबिलिटी कार्ड ४ मार्च २०१९ ला सुरू झालं. एसटीतही तसं कार्ड आणण्याचा विषय निघत असतो. दुसऱ्या राज्यांतही हीच ओढाताण दिसते. कर्नाटकात ११ जून २०२३ ला महिलांचा मोफत प्रवास सुरू झाला तो ओळखपत्र दाखवून. दिल्लीत ऑक्टोबर २०१९ पासून गुलाबी तिकीट होतं, नंतर तिथल्या सरकारनं स्मार्ट कार्ड आणण्याचं जाहीर केलं. सरकारला मोजणी हवी असते आणि ती गैर नाही. किती जणांनी सवलत घेतली हे पैसे देणाऱ्याला कळायलाच हवं. पण २०१९ च्या कार्डाचा अनुभव सांगतो की कंत्राट संपतं, यंत्रं बदलतात, पुरवठादार जातात आणि शेवटी तारीख गेलेलं प्लास्टिक म्हाताऱ्या माणसाच्या हातात राहतं. नवं कार्ड काढायला हरकत नाही, पण ते बंद पडलं त्या दिवशी साध्या ओळखपत्रावर सवलत मिळेल का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. याचं उत्तर कार्ड वाटायच्या आधी लेखी असायला हवं. ज्येष्ठांच्या कार्डावर मुदत छापायचं काही कारणही आता दिसत नाही.

बसमध्ये अडलात तर

कार्डाची मुदत गेली म्हणून पूर्ण तिकीट मागितलं तर वाद न घालता दुसरं ओळखपत्र दाखवा. ते दाखवूनही सवलत मिळाली नाही, तर तिकीट घ्या आणि जपून ठेवा. त्यावर तारीख, वेळ आणि मार्ग असतो. गाडीचा नंबर आणि कंडक्टरचा बिल्ला क्रमांक टिपून घ्या. कंडक्टरचा व्हिडिओ काढून टाकल्यानं लाइक मिळतात, पैसे परत मिळत नाहीत.

तक्रार लेखी द्या. वर्धा विभागात पाच आगारं आहेत: वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव आणि तळेगाव. गाडी ज्या आगाराची, तिथल्या आगार व्यवस्थापकाच्या नावे अर्ज करा, तिकिटाची आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोडा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. दाद लागली नाही तर वर्ध्याच्या विभाग नियंत्रकांकडे जा. जुलै २०२४ मध्ये एसटीनं 'प्रवासी राजा दिन' सुरू केला. त्यात विभाग नियंत्रक सोमवारी आणि शुक्रवारी एकेका आगारात बसून प्रवाशांच्या तक्रारी ऐकतात. तुमच्या आगाराची पाळी कधी आहे ते स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाला विचारा. फोनवर चौकशी करायची तर एसटीचा टोल फ्री नंबर आहे, १८०० २२ १२५०.

एक शेवटचा मुद्दा पांढुर्णा किंवा मुलताईकडे नातेवाईक असलेल्यांसाठी. ज्येष्ठांची आणि महिलांची सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच असते. मध्य प्रदेशात जाणाऱ्या गाडीत पुढच्या अंतराचं पूर्ण भाडं लागतं, आणि तिथे कंडक्टरचं बरोबर असतं.